मेल आल्याची वर्दी

‘यू हॅव न्यू मेल.’ काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत एवढी एकच ओळ उमटायची. १९९०च्या दशकात गणेशखिंड आणि पाषाण भागातल्या संशोधन संस्थांमध्ये ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यांना या ओळीचं मोल वेगळं सांगायला नको. परदेशातल्या सहकाऱ्याचं उत्तर, नियतकालिकाला पाठवलेल्या लेखावरचा परीक्षकाचा अभिप्राय, पीएचडीनंतर अमेरिकेला गेलेल्या मित्राची खुशाली, सगळ्याची पहिली वर्दी याच ओळीने दिली.

ही ओळ हवी तेव्हा मागून मिळत नसे. तुम्ही एखादी कमांड दिलीत, तिचं काम संपलं आणि कर्सर पुन्हा लुकलुकायला लागला, की तेवढ्या सवडीत शेल, म्हणजे तुमच्या कमांड ऐकणारा प्रोग्रॅम, टपालाच्या फाइलकडे एक नजर टाकायचं. बॅश नावाच्या शेलमध्ये ही नजर ठरलेल्या मापाने साठ सेकंदांतून फार तर एकदा पडते. त्यामुळे व्हीआय या एडिटरमध्ये प्रबंधाचं प्रकरण लिहीत बसलेल्या माणसाला तास-तासभर काही कळत नसे. तो बाहेर आला की ओळ समोर. टपालाने कामात व्यत्यय आणायचा नाही, हा शिष्टाचार त्या रचनेतच होता.

ज्यांना तेवढा धीर नव्हता, ते ‘बिफ वाय’ अशी कमांड देऊन ठेवायचे. बिफ हा बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८०च्या सुमारास लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम. तिथल्या संगणक विभागात हायडी स्टेट्नर यांचा बिफ नावाचा कुत्रा सगळ्यांच्या ओळखीचा होता, त्याचंच नाव या प्रोग्रॅमला मिळालं. पोस्टमन दिसला की तो भुंकायचा म्हणून हे नाव, अशी कथा पुढे जगभर पसरली, पण ती रचलेली आहे. बिफ चालू असला की पत्र येताक्षणी पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराच्या पहिल्या काही ओळी तुम्ही जे करत असाल त्याच्यावरच येऊन पडायच्या. समीकरण लिहिता लिहिता मध्येच कुणाचा तरी नमस्कार घुसायचा. मग कंट्रोल-एल दाबून पडदा साफ करून घ्यायचा. सोबत टर्मिनलची एक बारीक पीप. आस्की तक्त्यात सात क्रमांकावर बसलेलं हे ‘बेल’ नावाचं अक्षर. टेलिप्रिंटरच्या काळात त्याने खरोखरची घंटा वाजायची, आमच्या काळात पीप उरली. टर्मिनल रूममध्ये ती ऐकू आली की आपापल्या पडद्याकडे बघणारी सगळी डोकी एकदम वर व्हायची.

पुण्यात ही सोय आली ती अर्नेटमुळे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ साली हे शैक्षणिक जाळं विणायला घेतलं. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतलं एनसीएसटी आणि खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग, अशा आठ ठिकाणांपासून सुरुवात झाली. जुहूच्या एनसीएसटीत श्रीनिवासन रमणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशाशी जोडणारा दुवा सांभाळला. पुण्यातलं अर्नेटचं केंद्र होतं आयुकामध्ये. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने १९८८ साली स्थापन झालेली ही संस्था, विद्यापीठाच्या आवारात, चार्ल्स कोरिआंनी आखलेल्या वास्तूत उभी राहिली. आयुका म्हटलं की लोकांना कृष्णविवरं, दीर्घिका आणि नारळीकरांच्या विज्ञानकथा आठवतात. ते योग्यच आहे. पण या शहरातल्या संशोधकांना जगाशी पत्रव्यवहार करता आला, त्यातही या संस्थेचा वाटा मोठा आहे, आणि त्याबद्दल मी फारसं लिहिलेलं वाचलेलं नाही. शेजारी १९८८ सालीच सुरू झालेली सी-डॅक होती, तिथून १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बाहेर आला. आणखी थोडं पुढे एनसीआरए हे रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या राहत होत्या, आणि जगभरातले खगोलशास्त्रज्ञ त्या कामाकडे डोळे लावून होते. पुण्यातल्या या संस्था एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि सगळ्यांच्या पत्त्यांच्या शेवटी ‘अर्नेट डॉट इन’.

सुरुवातीच्या काळात मेल धारेने वाहत नसे, तो गठ्ठ्याने यायचा. एका संगणकाने फोन लावून दुसऱ्याला गाठायचं, साठलेली पत्रं द्यायची, तिकडची घ्यायची आणि फोन ठेवायचा, अशी यूयूसीपीची पद्धत. लाइन लागली नाही तर गठ्ठा पुढच्या फेरीला. त्यामुळे वर्दी मिळाली नाही, तर पहिला प्रश्न ‘माझं काय बिघडलं’ असा नसायचा. ‘आज लाइन आहे का?’ असं माणूस शेजारच्याला विचारायचा. उत्तर बहुधा जिन्यातच मिळायचं.

वर्दी देणाऱ्या त्या ओळीमागची युक्ती मला आजही सुंदर वाटते. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलबरोबर वेळांच्या नोंदी असतात. शेवटचं लिहिलं कधी ही एक, शेवटचं वाचलं कधी ही दुसरी. प्रत्येकाचं टपाल साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये, एकाखाली एक साठायचं. नवं पत्र आलं की लिहिल्याची वेळ पुढे सरकायची, तुम्ही पत्रं उघडलीत की वाचल्याची. शेलला पत्रातलं एक अक्षरही बघावं लागत नसे. लिहिल्याची वेळ वाचल्याच्या वेळेहून अलीकडची असेल, तर काहीतरी नवं आहे. वाड्याच्या दारावरच्या पत्रपेटीच्या फटीतून पांढरं काही दिसतंय का, एवढंच पाहून पुढे जावं, तसं हे काम होतं. ना पत्ता, ना पाठवणाऱ्याची चौकशी.

आणि इतकी साधी गोष्ट बिघडायचीही साध्या कारणाने. मी ज्या संस्थेत होतो, तिथे एकदा काही दिवस विचित्र प्रकार चालला. सकाळी लॉगिन केल्यावर पडद्यावर ‘यू हॅव मेल’ यायचं, ‘न्यू’ हा शब्द मात्र गायब. रात्री अमेरिकेतून आलेली पत्रं फाइलमध्ये नीट पडून असायची, पण नवं काही नाही असं समजून माणसं दुपारपर्यंत ती उघडत नसत. सिस्टिम सांभाळणाऱ्या सरांनी शोध घेतला. रात्री टेपवर बॅकअप घेण्याचं काम नुकतंच लावलं होतं, आणि बॅकअप घेणारा ‘टार’ हा प्रोग्रॅम प्रत्येकाची टपालाची फाइल वाचत होता. वाचणारा माणूस नाही, प्रोग्रॅम आहे, हे फाइलला कसं कळणार? वाचल्याची वेळ पुढे गेली, आणि संस्थेतल्या सगळ्यांची रात्रीची पत्रं एका फटक्यात जुनी ठरली. वाचल्याची मूळ वेळ जपण्याचा पर्याय टारमध्येच होता. सरांनी तो लावला आणि दुसऱ्या दिवशी ‘न्यू’ परत आला. त्या दिवशी चहाच्या वेळी सरांनी रुमालाएवढ्या कागदावर दोन घड्याळं काढून आम्हाला हे समजावलं. संगणकावर मी आयुष्यात जे शिकलो, त्यात त्या दहा मिनिटांचा भाग फार वरचा आहे.

‘फिंगर’ नावाची आणखी एक कमांड होती. एखाद्याचं लॉगिन नाव देऊन ती चालवली, की तो माणूस कुठे लॉगिन आहे, किती वेळ हालचाल नाही, त्याला नवं टपाल कधी आलं आणि कधीपासून न वाचलेलं आहे, हे सगळं यायचं. पुण्यात बसून दुसऱ्या खंडातल्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी आपलं पत्र उघडलं का, याचा अंदाज घेता यायचा. पुढे सुरक्षेच्या कारणाने बहुतेक ठिकाणी फिंगर बंद झाली, आणि ते बरंच झालं. पण व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांवरून घरोघरी रुसवेफुगवे होतात, तेव्हा मला फिंगर हमखास आठवते.

संस्थांच्या बाहेरच्या पुण्याला मेल मिळाला तो विदेश संचार निगममुळे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी त्यांनी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. आधी चार महानगरं, मग लवकरच पुणं. पत्त्यात ‘जीआयएएसपीएन०१’ असं लांबलचक नाव असायचं, आणि ते फोनवरून सांगताना एकेक अक्षर फोडून सांगावं लागायचं. ज्यांना चित्रांसकट इंटरनेट परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी शेल खातं होतं: नुसता मजकूर, लिंक्स हा ब्राउझर आणि मेलसाठी पाइन. वॉशिंग्टन विद्यापीठाने आपल्या प्रशासनातल्या लोकांना वापरता यावा म्हणून केलेला पाइन पुण्यातल्या निवृत्त मंडळींच्याही हाताला लगेच बसला, कारण काय दाबायचं ते पडद्याच्या तळाशी कायम लिहिलेलं असायचं. तपकीर गल्लीतून आणलेला मोडेम, त्याचा तो शिट्ट्या-खरखरीचा आवाज, आणि लाइन जुळेपर्यंत घरातल्या सगळ्यांनी धरलेला श्वास. कोथरूड, सहकारनगर, प्रभात रोड या भागांत परदेशी गेलेल्या मुलांचे आईवडील ज्या उत्साहाने हे सगळं शिकले, त्याला तोड नाही. रोमन लिपीत मराठी लिहायचं, काना नाही, मात्रा नाही, ‘बाळ’ की ‘बाल’ ते संदर्भाने ओळखायचं. तरी त्या पत्रांत ओलावा होता.

पाइन चालू असताना तो दर १५० सेकंदांनी नवं टपाल तपासतो. पण घरी बसून १५० सेकंद कोण थांबणार? खात्यातले तास मोजून मिळत, वर फोनचं बिल. म्हणून माणसं लाइन जोडून पत्रं झरझर डाउनलोड करत, फोन ठेवत आणि मग सावकाश वाचत. लाइन जोडलेली नसताना मेल आला हे कळायचं कसं? त्याचा उपाय पुण्याने आपल्या पद्धतीने काढला. फोन यायचा: ‘अहो, मेल टाकलाय, बघून घ्या.’ आयएसडीच्या दरात डेट्रॉइटहून फोन करून ‘आई, सविस्तर मेल लिहिलाय गं’ एवढंच सांगणारी मुलं मला माहीत आहेत. तीस सेकंदांचा फोन, दोन पानांचा मेल. वर्दी माणसाच्या आवाजात यायची.

मायकेल एल्किन्स यांनी १९९५ साली मट हा टर्मिनलमध्ये मेल वाचायचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. मी पाइनवरून मटवर आलो आणि तिथेच राहिलो. टर्मिनलमध्ये मेल वाचणारे आज कमी उरले असले तरी संपलेले नाहीत. सर्व्हर सांभाळणारी, प्रोग्रॅम लिहिणारी तरुण मंडळी मुद्दाम मटकडे येतात, कारण हात कीबोर्डवरून उठत नाहीत, जाहिरात दिसत नाही आणि हजारो पत्रांत हवं ते पत्र क्षणात सापडतं. माझी भाची त्यांतलीच. बाणेरच्या एका कंपनीत आहे. ती परवा म्हणाली, ‘मामा, मटमध्ये मेल आल्याचं मला कळतच नाही. फोनवर दिसतो, इथे काहीच नाही.’

‘तो फोल्डर उघडल्यावर पत्र दिसतं का?’

‘दिसतं ना. तेच तर. असतं, पण सांगत नाही.’

हा फरक तिने आपणहून केला, म्हणजे अर्धं काम झालं. टपाल पोचतंय, वर्दी पोचत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

पहिलं कारण तर सगळीकडे आढळणारं निघालं. तिच्या कंपनीचा सर्व्हर पत्रं आल्या आल्या प्रकल्पांनुसार वेगवेगळ्या फोल्डरांत लावून ठेवतो. मट मात्र तुम्ही ज्या फोल्डरांची नावं त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘मेलबॉक्सेस’ या शब्दापुढे लिहाल, तेवढ्यांवरच लक्ष ठेवतो. न सांगितलेल्या फोल्डरकडे तो ढुंकून बघत नाही. नावं लिहिली, आणि पडद्याच्या तळाशी ‘न्यू मेल इन’ अशी ओळ दिसायला लागली. पण उशिरा. मेल आल्यावर कधी पाच मिनिटांनी, कधी आठ.

इथे मटच्या दोन सेटिंगांची गुंतागुंत आहे. किती सेकंदांनी नवं टपाल बघायचं, ते ‘मेल-चेक’ सांगतं, आणि मुळात ते पाच असतं. पाच सेकंद म्हटल्यावर कुणालाही वाटेल की उशीर व्हायचं कारणच नाही. पण मट कीबोर्डकडे कान लावून बसलेला असतो, आणि कळ दाबली जाईपर्यंत किती वेळ वाट बघायची, हे ‘टाइमआउट’ नावाचं दुसरं सेटिंग ठरवतं. ते मुळात ६०० सेकंदांचं, म्हणजे दहा मिनिटांचं आहे. तुम्ही मटमध्ये इकडेतिकडे फिरत असाल तर टपाल पाच सेकंदांनी तपासलं जातं. तो बाजूच्या खिडकीत उघडा ठेवून तुम्ही भलतंच काम करत असाल, तर दहा मिनिटांपर्यंत काहीच नाही. पत्रं आपल्याच डिस्कवर असतील, तर नव्या आवृत्त्यांना बदल लगेच कळतो, पण दूरच्या सर्व्हरवरच्या पत्रांना ती सोय नाही. टाइमआउट अर्ध्या मिनिटावर आणला आणि हा प्रश्न सुटला. पीप तर मुळातच बंद असते. ‘बीप-न्यू’ आपण चालू करायचं, आणि केल्यावरही ती ऐकू येईलच असं नाही, कारण आजकालचे टर्मिनल प्रोग्रॅम पुष्कळदा घंटेचा आवाज दाबून टाकतात. बीप-न्यू चालू केलं, टर्मिनलचा दाबलेला आवाज मोकळा केला, आणि तिच्या लॅपटॉपमधून ती ओळखीची पीप आली.

तरीही सकाळचं दुखणं राहिलंच. रात्री आलेल्या पत्रांची सकाळी मट उघडल्यावर वर्दी नाही. दिवसा येणाऱ्यांची मिळते, रात्रीच्यांची नाही. हे ऐकल्यावर मला टेपचा तो बॅकअप आठवला, आणि प्रश्न तोच होता: माझ्या आधी रात्री कोण वाचून गेलं?

उत्तर तिच्या उशाशी होतं. तिचा फोन.

सर्व्हरवरच्या पेटीतली पत्रं ज्या आयमॅप पद्धतीने वाचली जातात, ती मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डला १९८६ साली आखली. तिच्यात ‘रीसेंट’ नावाची एक खूण आहे. फोल्डरमध्ये नवं पत्र आलं की त्याला ही खूण लागते, पण ती दाखवली जाते ती फक्त त्या फोल्डरमध्ये सर्वांत आधी शिरणाऱ्याला. दुसऱ्याला तेच पत्र दिसतं, न वाचलेलंही दिसतं, पण ‘आत्ताच आलंय’ ही खूण त्याच्या वाट्याला येत नाही. आणि मट सुरू झाल्यावरच्या पहिल्या फेरीत नेमकी तीच खूण बघून नव्या टपालाचा निर्णय करतो. रात्री दोन वाजता फोनने फोल्डर उघडला, खूण घेतली, सकाळी मटला काहीच मिळालं नाही. भाची झोपली होती, पत्र वाचलेलं नव्हतं, आणि वर्दी मात्र देऊन झाली होती. अंधारात, कुणालाच नाही.

१९८६ साली हा नियम अगदी रास्त होता. एका माणसाची एक पेटी, ती एका वेळी एका जागेवरून उघडणार. आधी शिरणारा म्हणजेच तो माणूस. आज एकाच पेटीला फोन, लॅपटॉप, ऑफिसचा संगणक, कधी मनगटावरचं घड्याळही जोडलेलं असतं, आणि त्यांतलं प्रत्येक यंत्र आधी पोचायला धावतं. २०२१ साली आयमॅपची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली, तिच्यात ही खूण काढूनच टाकली आहे. मटमध्ये ‘मेल-चेक-रीसेंट’ हे सेटिंग बंद केलं, की तो खुणेच्या मागे न लागता न वाचलेलं काही आहे का एवढंच बघतो. भाचीचं सकाळचं दुखणं एका ओळीने गेलं.

मला आमच्या आणि तिच्या काळातला खरा फरक इथे दिसतो. तेव्हा वर्दी चुकली, तर बहुधा संपूर्ण इमारतीची चुकायची. सगळ्यांचा एकच संगणक, एकच टेप, एकच लाइन. त्यामुळे कारणही एकत्र शोधलं जायचं आणि सापडलं की सगळ्यांचं शिक्षण व्हायचं. आता प्रत्येकाची वर्दी स्वतंत्रपणे चुकते, आणि बहुतेकांना ती चुकली हेही कळत नाही, कारण कुठल्यातरी दुसऱ्या यंत्रावर ती मिळालेलीच असते. फोनवरच्या सूचनेचा प्रवास तर आपल्याला दिसतच नाही. ती आली नाही, तर फोन बंद करून चालू करा, ॲप काढून परत घाला, यापलीकडे हातात काही नसतं. टर्मिनलमध्ये अजूनही कारण सापडतं. सेटिंगची फाइल साध्या मजकुराची आहे, नियम छापलेले आहेत, आणि सामान्य बुद्धीचा माणूस रविवारच्या एका दुपारी मुळापर्यंत जाऊ शकतो. म्हणून मी मट सोडलेला नाही, आणि तरुणांनी तो शिकावा असं मला मनापासून वाटतं.

भाचीच्या घरच्या छोट्या सर्व्हरवर तर ती जुनी दोन घड्याळंच पुन्हा भेटली. डिस्कवरचं लिखाण कमी व्हावं म्हणून तिने ‘नोएटाइम’ हा पर्याय लावला होता. त्याने फाइल वाचल्याच्या वेळेची नोंदच बंद होते, मग नवं-जुनं ठरवायचं कशावरून? मटला फाइलच्या आकारावरून निर्णय करायला लावणारं सेटिंग आहे, ते चालू करता येतं. पण त्याहून चांगला उपाय लिनक्सनेच करून ठेवला आहे. ‘रेलएटाइम’ हा मधला मार्ग २००९ साली आलेल्या २.६.३० आवृत्तीपासून आपोआप लागू असतो. त्यात वाचल्याची वेळ दर वेळी नोंदत नाहीत, पण लिहिल्याच्या वेळेच्या मागे असेल तर नोंदतात. माउंट या कमांडच्या माहितीपत्रात हा पर्याय समजावताना मटचं नाव घेतलेलं आहे. जगभरचे सर्व्हर चालवणाऱ्या प्रणालीत हा बदल करताना, टर्मिनलमध्ये पत्र वाचणाऱ्यांची वर्दी चुकू नये याची आठवण कुणीतरी ठेवली. मला याचं फार अप्रूप आहे.

वायफाय आणि राउटरची तऱ्हा थोडक्यात सांगतो. सर्व्हरनेच हाक मारावी अशी ‘आयडल’ नावाची सोय १९९७पासून आयमॅपमध्ये आहे, पण घरचा राउटर गप्प बसलेली जोडणी काही वेळाने विसरून जातो आणि मटला वाटत राहतं की आपण जोडलेलेच आहोत. ‘कीपअलाइव्ह’चं अंतर कमी केलं की हे थांबतं.

तेव्हाचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. भाचीच्या मटमध्ये मराठी पत्रं देवनागरीत दिसतात, हे आम्हाला तेव्हा अशक्य वाटलं असतं. मात्र बऱ्याच टर्मिनलांमध्ये जोडाक्षरं आजही मोडून दिसतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. कारण याच पुण्यात सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने तीसेक वर्षांपूर्वी मजकुराच्या साध्या टर्मिनलवर भारतीय लिप्या नीट दाखवून दिल्या होत्या. काम या शहरात झालं होतं, ते पुढे न्यायला हवं होतं. टर्मिनल प्रोग्रॅम लिहिणारी कितीतरी मुलं आज बाणेर-हिंजवडीत आहेत. त्यांनी हे हाती घ्यावं.

आणि माझ्या पिढीच्या वाचकांसाठी एक विनंती. त्या काळातली पत्रं ज्या साध्या मजकुराच्या फाइलींत साठत होती, त्या फाइली आजचा मट जशाच्या तशा उघडतो. ना बदल करावा लागतो, ना परवाना लागतो. तुमच्यापैकी अनेकांकडे संस्था सोडताना फ्लॉपीवर किंवा टेपवर उतरवून घेतलेलं टपाल माळ्यावर पडलेलं असेल. पुण्याच्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते आणि तिच्यावरची नोंद दर वर्षी थोडी थोडी पुसत जाते. यूएसबीला जोडायचे फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतात. या दिवाळीच्या साफसफाईत त्या फ्लॉप्या खाली काढा, त्यांची प्रत करून ठेवा, आणि प्रत करताना ‘सीपी’ला ‘-पी’ जोडा, म्हणजे फाइलींच्या मूळ तारखा शाबूत राहतील.